काळोखाचे चौकोन का पडतात?

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू नसतं. पारा ४२ च्या पुढे, कॉलेजला सुट्टी, आणि घराघरांत कुणी ना कुणी जुनी मालिका पहिल्या भागापासून पुन्हा लावून बसलेलं. शाळकरी मुलंमुली, त्यांच्यातलाच एखादा रक्तपिपासू, गावाबाहेरची दफनभूमी, तळघर. पहिल्या खेपेला जीव कथेत अडकलेला असतो. दुसऱ्या खेपेला शेवट ठाऊक असतो, म्हणून नजर मागच्या भिंतीवर, आभाळावर फिरते आणि तिथे राखाडी पट्टे, वळवळणारे चौकोन दिसू लागतात. मग घरातलं निदान ठरलेलं: ‘मालिका जुनी आहे’, नाहीतर ‘टीव्ही गेला’. बहुतेक वेळा दोन्ही चूक. गोष्ट आहे काळोखाच्या हिशोबाची.

आधी आकडे पाहू. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाखांहून जास्त ठिपके. एका चित्राला सुमारे ३.१ मेगाबाइट लागतात आणि सेकंदाला अशी २४ चित्रं. एका बाइटचे आठ बिट, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ६०० मेगाबिट. आपल्या घरी येतात साधारण ५. उरलेलं सगळं वाटेत टाकून दिलेलं असतं. काय टाकायचं, हे ठरवण्याची युक्ती विलक्षण सुंदर आहे.

जकार्ड मागावर चादरीची नक्षी कशी उतरते ते सोलापूरकरांना सांगायला नको. पुठ्ठ्यातली भोकं ठरवतात की कोणता उभा धागा उचलायचा. तोच माग दुसऱ्या गावात असेल तर चादर पाठवायची गरज नाही, पुठ्ठे पाठवले की झालं. व्हिडिओतही तेच होतं. चित्राचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. अशा चौकोनासाठी ६४ ठरावीक नक्ष्या असतात: एक अगदी सपाट, काही मंद उताराच्या, काही बारीक चौकड्यांच्या. कोणताही चौकोन या ६४ नक्ष्या कमीअधिक प्रमाणात मिसळून हुबेहूब उभा करता येतो. नक्ष्या टीव्हीला आधीच माहीत असतात, पाठवायची ती फक्त प्रमाणं. बंगळूरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये हे गणित मांडलं. नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म.

इथवर काहीच हरवलेलं नाही. हरवतं ते पुढच्या पायरीवर. प्रत्येक प्रमाणाला एका आकड्याने भागून उत्तर पूर्णांकात घेतात. समजा भाजक १६ आहे. उजेडातल्या शर्टाच्या चौकोनात एका नक्षीचं प्रमाण १३०. भागाकार ८.१, घेतले ८. टीव्हीने पुन्हा १६ ने गुणलं की १२८. दोनचा फरक कुणाला दिसणार? आता तळघराची भिंत घ्या. तिथल्या पोपड्यांची, ओलीची प्रमाणं ६, ४, ३ अशी. १६ ने भागून पूर्णांकात घेतलं की सगळी शून्य. भिंत पुसली गेली, उरली ती एकटी सपाट नक्षी. शेजारच्या चौकोनाची सरासरी एका पायरीने वेगळी आली की मध्ये कड उमटते. हल्लीच्या पद्धतींत चौकोनांचे आकार बदलते असतात, कडा पुसणारी चाळणीही असते, पण शून्य झालेली ओल कोणतीही चाळणी परत आणत नाही. उजेडाला जो भाजक चालतो तोच काळोखाला गिळतो. आणि भुताखेतांच्या मालिकेत निम्मी गोष्ट काळोखातच घडते.

पट्ट्यांचं कारण वेगळं. साध्या ८ बिट व्हिडिओत, म्हणजे उजेड आठ बिटांत मोजणाऱ्या व्हिडिओत, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत १६ ते २३५ एवढ्याच पायऱ्या वापरतात. रात्रीचं आभाळ एका टोकाला २० आणि दुसऱ्या टोकाला ३० असेल तर ४३ इंची पडद्यावर एकेक पायरी साधारण साडेनऊ सेंटिमीटर रुंद होते. शिवाय आपला डोळा अशा कडा आहेत त्याहून ठळक करून दाखवतो.

जुन्या मालिकेवर एक अन्याय होतो, तो सांगायलाच हवा. १९९७ ची ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ पहिले दोन सीझन १६ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली. छोट्या फिल्मचा दाणा, म्हणजे चित्रभर दिसणारी बारीक रवाळ खरखर, मोठा दिसतो. हा दाणा ६४ च्या ६४ नक्ष्यांत थोडाथोडा विखुरतो, म्हणून भागाकारात तोच आधी मरतो. पण पायऱ्यांच्या कडा मोडून पट्टे झाकायचं काम नेमका तोच करत होता! दाणा गेला की चेहरे मेणाचे दिसतात आणि आभाळाचे पट्टे उघडे पडतात. दोष मूळ फिल्मचा नव्हे. व्हिडिओ आकसून पाठवायच्या २०१८ च्या एव्ही१ या पद्धतीत दाणा काढून फक्त त्याचं वर्णन पाठवायची आणि टीव्हीने तो पुन्हा पेरायची सोय आहे.

‘सीसीटीव्हीत भूत दिसलं’ म्हणून मोबाईलवर फिरणाऱ्या क्लिपांमागेही बऱ्याचदा हेच असतं. रात्री शटर जास्त वेळ उघडं राहतं, म्हणून चालणारा माणूस आरपार दिसतो. ज्या चौकोनात फरक थोडा, तो ‘मागच्यासारखाच’ म्हणून सोडला जातो आणि गेलेल्या माणसाचा अर्धा हात भिंतीवर राहतो. लेन्सजवळ उडणारा किडा इन्फ्रारेड दिव्यात तेजस्वी गोळा होतो. एवढ्यावर गंडेदोरे विकले जातात, हे संतापजनक आहे.

आता उपाय. दुकानात टीव्ही झगझगीत मोडवर लावलेला असतो, घरी तो सिनेमा किंवा फिल्ममेकर मोडवर आणा. शार्पनेस शून्याजवळ ठेवा, कारण तो चौकोनांच्या कडाच धारदार करतो. ‘अंधारात दिसत नाही’ म्हणून ब्राइटनेस वाढवणं ही नेहमीची चूक. बऱ्याच टीव्हींत ते बटण काळा रंग राखाडी करतं, उजेड वाढवायचं बटण बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा. काळ्या कोटाचं दृश्य थांबवा, कोटाच्या घड्या नाहीशा होईपर्यंत ब्राइटनेस उतरवा आणि दोन अंक परत चढवा. सेट-टॉप बॉक्स असेल तर एचडीएमआय ब्लॅक लेव्हल दोन्हीकडे एकच हवी. बॉक्स लिमिटेड (१६ ते २३५) पाठवतो आणि टीव्ही फुल (० ते २५५) समजतो, तेव्हा काळं कधीच काळं दिसत नाही. उलट झालं तर सावल्यांचा सरसकट डांबर होतो.

अॅपमध्ये डेटा सेव्हर बंद करा, पण हिशोब ठेवा: ४२ मिनिटांचे २२ भाग, ५ मेगाबिटने, जवळजवळ ३५ जीबी. व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो आणि पहिले तुकडे बहुधा हलक्या प्रतीचे असतात, म्हणून सुरुवातीचं अर्धं मिनिट पाहून टीव्हीला नावं ठेवू नका. आणि पश्चिमेच्या खिडकीवर जाड सोलापुरी चादर टांगा. पडद्यावर पडणाऱ्या उन्हापेक्षा गडद काळा रंग कोणताच पडदा दाखवू शकत नाही.