खुर्चीवरचा तो स्टिकर काढू नका

मणक्याला मार बसल्यानंतर वजन उतरवू पाहणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

आमच्याकडून नेलेल्या प्रत्येक व्हीलचेअरच्या मागे, डाव्या हँडलखालच्या नळीवर एक पांढरा स्टिकर असतो. त्यावर हाताने लिहिलेलं खुर्चीचं वजन आणि तारीख, म्हणजे ‘२१.८, गादीसह’ असं काहीतरी. सर्व्हिसिंगला येणाऱ्या निम्म्या खुर्च्यांवर तो नसतो. कुणाला ते किमतीचं लेबल वाटतं, कुणाच्या नातवाने नखाने सोललेलं असतं, कुणी हौसेने तिथे गणपती चिकटवलेला असतो. गणपतीला आमची हरकत नाही, उजवी नळी मोकळीच असते. पण मग तीच माणसं विचारतात, “दोन महिने अर्धी भाकरी खातोय, तरी वजन वाढलंच कसं?” हा प्रश्न आठवड्यातून दोन-तीनदा येतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

मी स्वतः टी-१० पॅराप्लेजिक आहे, म्हणजे पाठीच्या दहाव्या मणक्यापाशी इजा होऊन पाय गेलेला, बावीस वर्षं खुर्चीवर. मिरजेतलं हे वर्कशॉप खुर्च्यांचं आणि गाद्यांचं आहे, दवाखाना नाही. आहाराचा तक्ता आम्ही देत नाही आणि वजन उतरवायची पावडरही विकत नाही. ती ठेवा म्हणून एजंट महिन्याला एकदा येऊन जातो. आम्ही मोजमाप करतो, आणि घोळ नेमका मोजमापातच होतो.

आधी वजन का चढतं ते थोडक्यात. इजेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत माणूस उतरतो. पायांचे स्नायू झपाट्याने वितळतात, चेहरा ओढल्यासारखा दिसतो. घरच्यांना ते बघवत नाही. शिवाय हाड मोडलंय म्हटल्यावर आपल्याकडे डिंकाचे लाडू आलेच. मावशीचा डबा वेगळा, सासुरवाडीचा वेगळा. एका लाडवात दीडशे-दोनशे कॅलरी सहज असतात. पण बसल्या जागी शरीराला लागणारी ऊर्जा बरीचशी स्नायूंवर ठरते, आणि स्नायूच घटल्यामुळे गरज कायमची खाली आलेली असते. वजन परत येतं ते चरबीच्या रूपाने.

पुनर्वसनाच्या काळात आहारतज्ज्ञ एक ठोकताळा वापरतात. पॅराप्लेजिक माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण २८ कॅलरी, क्वाड्रिप्लेजिकला (ज्याच्या हातांवरही परिणाम झालाय) साधारण २३. सत्तर किलोच्या माणसाला हे अनुक्रमे १,९५० आणि १,६०० च्या आसपास पडतं. वजन उतरवायचं तर त्याहून कमी. मोबाइलमधलं ॲप मात्र तुम्हाला चालता माणूस समजून आकडा सांगतं, तो हमखास मोठा असतो. नुसत्या चहाचं गणित करा. सहा कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला ६० ग्रॅम साखर आणि २४० कॅलरी. शेतात राबणाऱ्या भावाला त्या कळणारही नाहीत. तुम्हाला कळतात.

आता मूळ मुद्दा.

आपलं वजन एकट्याने काट्यावर उभं राहून होत नाही. खुर्चीसकट मोजायचं आणि खुर्चीचं वजा करायचं. एकूण आकडा लोक नीट बघतात, तिथे तिघेजण वाकून बघत असतात. चूक वजाबाकीत होते. खुर्चीचं वजन म्हणून खोक्यावर छापलेला आकडा धरतात, नाहीतर दोन वर्षांपूर्वी कुणीतरी सांगितलेला. खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा गादीशिवाय असतो, कधी फुटरेस्ट काढूनही असतो.

जतकडचा एक तरुण ग्राहक, झाडावरून पडून कमरेच्या पहिल्या मणक्याला (एल-१) इजा झालेला. मार्चमध्ये भुसार दुकानातल्या काट्यावर खुर्चीसकट ९९.२ भरला. खोक्यावर १७.५, म्हणून घरच्यांनी वजन धरलं ८१.७. दोन महिने पोराने खरंच मन मारलं. मे महिन्यात पुन्हा त्याच काट्यावर ९९.९, म्हणजे ८२.४. सातशे ग्रॅम वाढ! घरात रडारड, आहारतज्ज्ञ बाईंवर राग, आणि आम्हाला फोन: “वजन काही हटत नाही, वीस इंच रुंद बैठकीची खुर्ची करून द्या.”

खुर्ची मागवून घेतली. मधल्या काळात फोमची गादी जाऊन जेलची आली होती (१.८ किलो जास्त), हवेचे टायर सारखे पंक्चर होतात म्हणून भरीव टायर बसवले होते (दोन्ही मिळून किलोभर), आणि मागे पिशवी लटकत होती, तिच्यात चार्जर आणि अर्धी पाण्याची बाटली (८०० ग्रॅम). मार्चमध्ये गादीसह खुर्ची प्रत्यक्षात १९ किलोची होती, हे आमच्या वहीत होतं. मेमध्ये ती २२.६ भरली. म्हणजे मार्चला तो ८०.२ होता आणि मेला ७७.३. पोरगा जवळजवळ तीन किलो उतरला होता आणि घरात सुतक धरलं होतं.

आपल्यासारख्याचं वजन महिन्याला एक-दोन किलो उतरलं तरी भरपूर. मोजण्यातली चूक तीन-चार किलोची असेल, तर दोन महिन्यांची मेहनत तिच्यात बुडते. आणि उलटही होतं. जेलची गादी काढून हवेची घेतली की काही न करता दीड-दोन किलो ‘उतरतात’, मग पेढे वाटले जातात.

म्हणून आमची पद्धत अशी. आधी तुम्हाला पलंगावर घेतो आणि खुर्ची जशी वापरता तशी मोजतो: गादी, हातटेकू, पिशवी, बेल्ट, सगळ्यासकट. मग लगेच त्याच खुर्चीत तुम्हाला बसवून मोजतो. प्रत्येक वेळी, त्याच दिवशी, दोन्ही. लोक कुरकुरतात, “मागच्या महिन्यातच तर मोजली होती.” तरीही मोजतो. यात दोन ट्रान्सफर (खुर्चीतून पलंगावर आणि परत) होतात, अर्धा तास जातो, एक माणूस त्यात अडकतो. आमच्या खुर्चीवाल्यांना याचे पैसे नाहीत, बाहेरच्या खुर्चीला शंभर रुपये घेतो, ते त्या माणसाच्या वेळेचे. स्टिकरवरचा आकडा त्या दिवसाच्या खुर्चीचा असतो. घरी मोजताना निदान तो तरी वजा करा, आणि खुर्चीत काहीही बदललं तर त्याला जुना समजा.

घरी किंवा गावात मोजणार असाल तर सकाळी, पोट साफ झाल्यावर, नाश्त्याआधी मोजा. युरिन बॅग रिकामी करा. दोन लिटरची बॅग भरलेली असेल तर दोन किलो तिथेच गेले. लघवी कॅथेटरने (नळी घालून) काढत असाल तर ते करून मग बसा. बूट आणि कॅलिपर (पायांना बांधायचे आधार) दोन्ही वेळा घाला किंवा दोन्ही वेळा काढा. काटा सपाट फरशीवर हवा, चारही चाकं पूर्ण वर हवीत, आणि मागे उभ्या असलेल्या भावाने हँडल सोडलेलं हवं. हे शेवटचं फार होतं. धान्याच्या दुकानातला प्लॅटफॉर्म काटा चालतो. आमच्या एका काकांना मात्र साखर कारखान्याच्या काट्यावर चढवलं होतं. तो दहा-वीस किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतो, उसाला ठीक आहे.

काटाच मिळत नसेल तर टेप घ्या. पाठीवर झोपून, श्वास सोडल्यावर, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध पोटाचा घेर मोजा. इजा झालेल्यांच्या अभ्यासात ९४ सेंटिमीटरच्या पुढे हृदयाचा धोका वाढलेला दिसला आहे. बसून मोजू नका. पोटाचे स्नायू सैल पडल्यामुळे बसल्यावर पोट पुढे लोंबतं, ते सगळंच चरबी नसतं. बारीक क्वाड्रिप्लेजिक मुलांनाही ते असतं आणि उगीच लाज वाटते.

‘माझं वजन किती हवं?’ याचं उत्तर भिंतीवरच्या तक्त्यात शोधू नका. स्नायू कमी असल्यामुळे त्याच वजनात आपल्या अंगात चरबी जास्त असते. म्हणून आपल्यासाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२ च्या पुढे गेला की सावध व्हावं असं या क्षेत्रातले अभ्यासक सांगतात. उंची १६५ सेंटिमीटर असेल तर हे साधारण ६० किलो होतात. उंचीसुद्धा झोपवून मोजा.

खुर्ची रुंद करून मागणाऱ्यांसाठी. एक महिन्याच्या अंतराने दोन वजनं घेतल्याशिवाय आम्ही रुंद खुर्चीची ऑर्डर घेत नाही. यावरून दोन-तीन ग्राहक रागावून दुसरीकडे गेले आहेत. नवी खुर्ची विकून आम्हाला चार पैसे मिळतात, हे आम्हालाही कळतं. पण अठरा इंची बैठकीची घडीची खुर्ची बाहेरून पंचवीस-सव्वीस इंच भरते, वीस इंची घेतली की सत्तावीस-अठ्ठावीस. अडीच फुटी दाराच्या चौकटीत ती, रिमवरचे हात धरले तर, अडकते, आणि मग न्हाणीघराचा दरवाजा फोडायचा खर्च खुर्चीपेक्षा मोठा होतो. चाकाची रिम गाठायला हात फाकवावे लागतात, खांदे लवकर जातात, आणि आपले खांदे हेच आपले पाय आहेत. शिवाय घट्ट वाटणारी खुर्ची प्रत्येक वेळी वजनामुळे घट्ट झालेली नसते. बैठकीच्या रेक्झिनला झोळ आला की मांड्या आत ओढल्या जातात आणि कडा टोचायला लागतात. नवं रेक्झिन किंवा खाली फळी टाकली की काम भागतं. ते दिवसात करून देतो.

वजन उतरल्यावरही एकदा या. हवेची गादी तुमच्या वजनाप्रमाणे भरलेली असते. पाच किलो उतरलात की तीच हवा जास्त होते, तुम्ही गादीत बुडण्याऐवजी वर तरंगता, आणि बुडावर आधीची चरबीही राहिलेली नसते. बसण्याच्या हाडाखाली हात घालून पाहा, अर्धा ते एक इंच हवा राहिली पाहिजे. जमत नसेल तर आणा, पाच मिनिटांचं फुकट काम आहे. बेडसोर झाला की सहा महिने पालथं झोपावं लागू शकतं. आणि बेडसोर उघडा असताना वजन उतरवायचं नाव काढू नका. जखम भरायला प्रथिनं आणि कॅलरी दोन्ही जास्त लागतात. आधी जखम, मग वजन, आणि हे डॉक्टरांच्या नजरेखाली.

व्यायामाचं विचारता म्हणून सांगतो. दुकानात मुरलीकांत पेटकरांचा फोटो आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या पेठचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, आणि १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. फोटो बघून बरेच जण पोहायचं ठरवतात. जरूर पोहा, पण वजन स्वयंपाकघरात उतरतं. हाताची सायकल अर्धा तास मारून जे जळतं ते एका लाडवात परत येतं. मणक्याची इजा झालेल्यांसाठीच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय सूचनांप्रमाणे दम आणि ताकद राखायला आठवड्यातून दोनदा वीस-वीस मिनिटं दमवणारा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा, तर रक्तातली साखर-चरबी आटोक्यात ठेवायला आठवड्यातून तीनदा अर्धा तास. व्यायाम करा तो हृदयासाठी, खांद्यांसाठी, ट्रान्सफर हलकं व्हावं म्हणून. इजा टी-६ किंवा त्याच्या वर असेल तर आधी मूत्राशय रिकामं करा. मध्येच डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला तर थांबा, ताठ बसा, पिशवी-नळी तपासा, लगेच दवाखाना गाठा. नाडीचे ठोके मोजणाऱ्या घड्याळावर क्वाड्रिप्लेजिकांनी विसंबू नये. त्यांचे ठोके एका मर्यादेपलीकडे वाढतच नाहीत.

उपासांचं म्हणाल तर साबुदाण्याची खिचडी हा उपास नव्हे, आणि कडकडीत उपासात पाणी आणि चोथा कमी पडून पोटाची वेळ बिघडते, ती रुळावर यायला आठवडा जातो. अलीकडे वजन उतरवायच्या इंजेक्शनांबद्दलही विचारणा होते. ते डॉक्टरांना विचारा, पण विचारताना पोट साफ होण्याचं तुमचं वेळापत्रक नक्की सांगा, कारण त्या औषधांनी बद्धकोष्ठता होऊ शकते. काही दुखण्यावरच्या गोळ्यांनी, उदाहरणार्थ प्रीगॅबालिनने, वजन वाढतं हे खरं. पण म्हणून कुठलीही गोळी मनाने सोडू नका. बॅक्लोफेन (स्नायू आखडण्यावरचं औषध) एकदम बंद करणं तर धोक्याचंच.

हलकी खुर्ची घेतली तर वजन उतरेल का, असंही विचारतात. तुमचं नाही उतरणार. पण वीस किलोची खुर्ची गाडीत टाकायला दुसरा माणूस लागतो, बारा किलोची काही जण स्वतः टाकतात, आणि मग बाहेर पडणं वाढतं. दोन नमुने दुकानात चालवून बघायला ठेवले आहेत. घ्यायलाच हवी असं नाही.

मोजणी मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी आठ ते अकरा, आधी फोन करून. मिरज-सांगलीत घरी यायचं असेल तर गुरुवार. सुट्या पट्ट्यांचा काटा घेऊन येतो, चाकांखाली सरकवायचा असतो. येताना बॅग रिकामी करून या, आणि पिशवीतलं पाणी-चार्जर घरी ठेवायची गरज नाही, तसेच या. चहा आमच्याकडे मिळतो. साखर वेगळ्या वाटीत ठेवतो.