दाभोळच्या किनाऱ्यावर उतरणारी थंडी

दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीत मध्यंतरी एका सहप्रवाशाने मला मोठ्या खात्रीने सांगितले, की पलीकडच्या दाभोळ प्रकल्पातील टाक्यांमध्ये गॅस प्रचंड दाबाखाली कोंबलेला आहे आणि त्यातली एक जरी फुटली तरी अर्धा गुहागर तालुका नकाशावरून पुसला जाईल. हा समज कोकणातच नव्हे, तर चांगल्या शिकलेल्या लोकांतही आढळतो. त्यातील ‘दाबाखाली’ हा शब्द मुळातच चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे हे नीट उमगले, तर किनाऱ्यावरचे एखादे गाव वायूचे केंद्र कसे होते आणि होताना आपल्या पदरात काय पाडून घेऊ शकते, हेही उमगते.

आधी जागेविषयी. ‘दाभोळ प्रकल्प’ दाभोळमध्ये नाही. मध्ययुगात नावाजलेले दाभोळ बंदर वाशिष्ठीच्या उत्तर तीरावर, दापोली तालुक्यात आहे, तर प्रकल्प दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यातील अंजनवेल, वेलदूर आणि रानवीच्या परिसरात आहे. तिथले वीजकेंद्र १९९९ साली सुरू झाले, २००१ साली बंद पडले आणि पुढे २००६ साली पुन्हा सुरू झाले. ते बंद पडण्यामागचा एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा वाद सर्वांना ठाऊक आहे. द्रवरूप नैसर्गिक वायू, म्हणजे एलएनजी, उतरवून घेणारे टर्मिनल मात्र २०१३ साली कार्यान्वित झाले. त्याच वर्षी दाभोळ ते बंगळूरु ही सुमारे १,००० किलोमीटरची वायुवाहिनीही सुरू झाली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. स्वयंपाकघरातील सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात आणि ते केवळ दाबाने द्रवरूप राहतात. मग नैसर्गिक वायू, म्हणजे मुख्यतः मिथेन, तसाच दाबून का आणत नाहीत? याचे उत्तर मला भौतिकशास्त्रातील सर्वांत सुंदर उत्तरांपैकी एक वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मायकेल फॅरडेने अनेक वायू द्रवरूप करून दाखवले, पण ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन, मिथेन असे काही वायू कितीही दाबले तरी दाद देईनात. त्यांना ‘स्थायी वायू’ म्हटले जाऊ लागले. हे कोडे बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूजने १८६९ साली कार्बन डायऑक्साइडवरील प्रयोगांतून उलगडले. नळीतील कार्बन डायऑक्साइड ३१ अंश सेल्सिअसच्या खाली असेल, तर दाब वाढवताच त्याचा द्रव होतो आणि द्रव व वायू यांच्यामधील पृष्ठभाग डोळ्यांना स्पष्ट दिसतो. तापमान ३१ अंशांच्या वर नेले की तो पृष्ठभाग नाहीसा होतो आणि त्यानंतर कितीही दाब दिला, तरी पदार्थ केवळ अधिकाधिक दाट होत जातो, द्रव वेगळा पडत नाही. या तापमानाला क्रांतिक तापमान म्हणतात. मे महिन्यातील दुपारी कोकणातल्या एखाद्या कचेरीत टांगलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामकात द्रव असा वेगळा उरलेलाच नसतो, कारण तेथील तापमान ३१ अंशांच्या वर गेलेले असते.

याचे कारण रेणूंच्या ओढाताणीत आहे. रेणूंना एकमेकांविषयी थोडे आकर्षण असते, तर उष्णता त्यांना सैरावैरा पळवत असते. दाब रेणूंना जवळ आणतो, पण त्यांची धावपळ थांबवत नाही. क्रांतिक तापमानाच्या वर ही धावपळ इतकी जोरकस असते, की शेजारी आलेले रेणूही एकमेकांना धरून राहू शकत नाहीत. प्रोपेनचे क्रांतिक तापमान सुमारे ९७ अंश आहे, म्हणून तो आपल्या हवामानात दाबाला वश होतो. मिथेनचे रेणू लहान आणि त्यांचे परस्परांचे आकर्षण क्षीण असल्यामुळे त्याचे क्रांतिक तापमान उणे ८२.६ अंश आहे. जगातील कोणतेही यंत्र मिथेनला दाभोळच्या हवेत केवळ दाबून द्रवरूप करू शकणार नाही. उणे ८२.६ अंशांनाही हवेच्या सुमारे ४६ पट दाब लागतो आणि तो पेलणारी जहाजाएवढी टाकी बांधणे व्यवहार्य नाही. म्हणून मिथेन थेट उणे १६२ अंशांपर्यंत थंड करतात. तेथे तो साध्या वातावरणीय दाबाला द्रव होतो आणि त्याचे आकारमान सुमारे ६०० पटींनी घटते.

तात्पर्य, एलएनजीची टाकी म्हणजे दाबाचे सिलिंडर नव्हे, तर अवाढव्य थर्मास आहे. बाहेरून झिरपणाऱ्या उष्णतेने थोडा द्रव उकळतो आणि तो उकळताना उरलेल्या द्रवाला गार ठेवतो, अगदी आपल्या माठासारखा. ‘एक जहाज म्हणजे इतके अणुबॉम्ब’ असे जे आकडे फिरतात, ते साठलेली ऊर्जा आणि ती मोकळी होण्याचा वेग यांत गल्लत करतात. त्याच हिशेबाने कोळशाचा ढीगही बॉम्ब ठरेल. द्रवरूप मिथेन जळत नाही. त्याची वाफ हवेत ५ ते १५ टक्के प्रमाणात मिसळली, तरच पेट घेते. तरीही धोका नाही असे मी म्हणणार नाही. १९४४ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे अशीच एक टाकी फुटली, द्रव गटारांत वाहत गेला, वाफेने पेट घेतला आणि सुमारे १३० माणसे मेली. त्या टाकीच्या पोलादात निकेल केवळ ३.५ टक्के होते आणि इतक्या थंडीत ते ठिसूळ झाले. आज ९ टक्के निकेलचे पोलाद वापरतात. भीती बाळगायचीच असेल, तर ती पोलाद, जोड आणि तपासणी यांविषयी बाळगावी.

आता माझ्या आवडीच्या मुद्द्याकडे येतो. एक किलो वायू द्रवरूप करण्यासाठी निर्यातदार देशात साधारण ०.३ युनिट वीज खर्ची पडते. वायूबरोबर ती थंडीही जहाजातून आपल्या किनाऱ्यावर येते. येथे द्रवाचा पुन्हा वायू करताना त्याला उष्णता द्यावी लागते. वर्षाला ५० लाख टन एलएनजी हाताळणाऱ्या टर्मिनलचा हिशेब मांडला, तर ही उष्णता सतत १०० मेगावॅटच्या वर भरते. ती बहुधा समुद्राच्या पाण्यातून किंवा हवेतून घेतली जाते, म्हणजेच तेवढी थंडी पाण्यात किंवा हवेत सोडून दिली जाते. वायू नळीतून बंगळूरुला जातो. थंडीला मात्र असा दूरचा प्रवास झेपत नाही, म्हणून तिच्यावर पहिला हक्क किनाऱ्याचाच आहे. जपानमध्ये ती हवेतून ऑक्सिजन व नायट्रोजन वेगळे करण्यासाठी आणि अन्न गोठवण्यासाठी कित्येक वर्षे वापरली जात आहे.

कोकणात हे का होऊ नये? उणे १६२ अंशांची थंडी थेट उणे २० अंशांच्या शीतगृहाला देणे हा अपव्यय ठरेल. म्हणून तिचे टप्पे पाडले पाहिजेत: आधी हवेचे विभाजन, मग मासळी आणि हापूसचा रस गोठवणे आणि शेवटी उरलेल्या गारव्याने शेजारच्या वीजकेंद्रातील टर्बाइनमध्ये शिरणारी हवा थंड करणे, कारण गार हवा दाट असते आणि त्यामुळे टर्बाइन अधिक वीज देते.

यातील खरी मेख शीतगृहात नसून समुद्रात आहे. जहाज धक्क्याला लागून द्रव उतरवण्यासाठी पाणी शांत लागते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा अडवणारा लाटरोधक बांध अपुरा राहिल्यामुळे या टर्मिनलवर सुरुवातीची दहा वर्षे तरी पावसाळ्यात जहाजे येऊ शकत नव्हती, म्हणजे त्यांच्याबरोबरची थंडीही येत नव्हती. हापूसचा हंगाम पावसाच्या तोंडावर संपतो आणि यांत्रिक मासेमारी १ जूनपासून दोन महिने बंद असते. मे अखेरपर्यंत गोठवलेला माल नेमका जून ते सप्टेंबर गार ठेवायचा असतो, म्हणून अंजनवेलच्या शीतगृहाचा खरा पाया समुद्रातील तो दगडी बांधच आहे.