0.3 टक्क्यांची रेघ हेम्पच्या फुलाला कळत नाही

हिमाचल प्रदेशच्या मंत्रिमंडळाने जानेवारी 2025 मध्ये भांगेच्या नियंत्रित लागवडीचा प्रायोगिक अभ्यास मंजूर केला आणि तो पालमपूर व नौणी इथल्या विद्यापीठांकडे सोपवला. उत्तराखंडने तर 2018 मध्येच हेम्पसाठी, म्हणजे टीएचसी हे नशा आणणारं द्रव्य 0.3 टक्क्यांच्या आत असलेल्या भांगेसाठी, परवाना दिला होता. अशी बातमी आली की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, सरकारच गांजा पिकवायला निघालं. दुसरा म्हणतो, हेम्पचा गांजाशी काही संबंधच नाही, ते झाडच वेगळं. दोघांचंही चुकतं. वनस्पती एकच आहे, कॅनाबिस सटायव्हा. फरक आहे तो मुख्यतः तिच्या गुणसूत्रावरच्या एका लहानशा भागात, आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

मादी झाडाच्या फुलोऱ्यावर दहापट भिंग धरलं, तर काचेच्या डोक्याच्या टाचण्या टोचून ठेवाव्यात तसे बारीक रोम दिसतात. त्या डोक्यांमध्ये सीबीजीए नावाचं आम्ल तयार होतं. हा कच्चा माल. त्याच्यावर दोन विकरं, म्हणजे एन्झाइम, टपून असतात. एक त्याचं टीएचसीए करतं, दुसरं सीबीडीए. टीएचसीए तापवलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि नशा आणणारं टीएचसी उरतं. सीबीडीएपासून होणाऱ्या सीबीडीने तशी नशा येत नाही. झाडाला आईबापांकडून जनुकाच्या दोन्ही प्रती सीबीडीएच्या विकराच्या मिळाल्या तर ते हेम्प, दोन्ही टीएचसीएच्या मिळाल्या तर गांजा. एकेक मिळाली तर दोन्ही द्रव्यं भरपूर.

खरी गंमत पुढे आहे. सीबीडीए बनवणारं विकर आपलं काम काटेकोर करत नाही. साधारण 20 ते 30 भाग सीबीडीएमागे एखादा भाग टीएचसीए त्याच्याही हातून होतोच. 25 हे प्रमाण धरा. फुलोरा पिकत जाऊन सीबीडी साडेसात टक्क्यांवर पोचलं की टीएचसी 0.3 टक्क्यांवर आलंच. म्हणजे बियाणं अस्सल, शेतकरी प्रामाणिक, आणि तरीही काढणी दोन आठवडे लांबली म्हणून पीक बेकायदा! धाग्याच्या वाणांत ही सगळी द्रव्यं मुळातच कमी असतात, त्यामुळे हा धोका प्रामुख्याने सीबीडीसाठी फुलं पिकवणाऱ्याला.

बरं, ही 0.3 ची रेघ आली कुठून? 1976 मध्ये अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉन्क्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी वर्गीकरणाच्या सोयीसाठी ती सुचवली. इतक्या टीएचसीने नशा होते का, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. पुढे अनेक देशांच्या कायद्यांनी ती जशीच्या तशी उचलली.

आपला 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीचा, कायदा टक्केवारी बघतच नाही, तो झाडाचा भाग बघतो. फुलोरा म्हणजे गांजा. फुलोऱ्याविना असलेली पानं आणि बिया त्यातून वगळलेल्या. कलम 14 नुसार धागा, बी किंवा उद्यानशास्त्रासाठी लागवडीची परवानगी सरकार देऊ शकतं. टक्केवारी आली ती राज्यांच्या धोरणांतून.

बियांबद्दल एक सांगायलाच हवं. टीएचसी आणि सीबीडी बियांत बनत नाहीत. सापडतात ते बाहेरून चिकटलेल्या राळेचे अंश. म्हणूनच अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2021 मध्ये हेम्पचं बी आणि त्याचं तेल अन्न म्हणून मान्य केलं. कुमाऊँ-गढवालात या बियांची चटणी पिढ्यान्‌पिढ्या खातात. पण हेच तेल कर्करोगावर रामबाण म्हणून विकणारे लोक शुद्ध फसवणूक करत आहेत. सीबीडीचं शुद्ध औषध अमेरिकेत 2018 मध्ये मंजूर झालं, ते अपस्माराच्या दोन दुर्मीळ प्रकारांसाठी, रीतसर चाचण्यांनंतर.

हिमालयात आणखी एक अडचण आहे. हे पीक वाऱ्याने परागित होतं, आणि तिथे रानभांग बांधाबांधावर उगवते. तिचे पराग हेम्पवर पडले तरी यंदाच्या फुलोऱ्यातलं टीएचसी त्यामुळे वाढत नाही, कारण रोम हे आईझाडाचेच. बदल होतो तो बियांत. घरचं बी राखून पेरलं, की पुढच्या वर्षी त्यातली कित्येक झाडं मिश्र निघणार.

त्यामुळे परवाना द्यावा की नाही, एवढ्यावर वाद घालून भागणार नाही. दरवर्षी प्रमाणित बियाणं कोण पुरवणार? नमुना काढणीच्या किती दिवस आधी घेणार? अमेरिकेत ही मुदत 30 दिवसांची आहे, आणि टीएचसी 1 टक्क्याच्या आत असेल तर शेतकऱ्यावर निष्काळजीपणाचा ठपका येत नाही, फक्त ते पीक आहे तसं विकता येत नाही. आपल्याकडे 0.4 टक्के निघालं तर नुकसान कोण सोसणार आणि गुन्हा कोणावर दाखल होणार, हे नियमांत पहिल्या पेरणीच्या आधी लिहिलेलं असायला हवं.