अठरा सह्यांचं पुस्तक

कृष्णवर्णीय लेखकांनी आपली गोष्ट आपणच सांगावी, यासाठी अमेरिकेत आज कार्यशाळा भरतात, शिष्यवृत्त्या मिळतात. हा आग्रह का धरावा लागला, ते समजायला १७७३ सालच्या एका कवितासंग्रहापाशी जावं लागतं.

१७६१ मध्ये पश्चिम आफ्रिकेतून आणलेली सात-आठ वर्षांची एक मुलगी बॉस्टनमध्ये विकली गेली. जहाजाचं नाव फिलिस, म्हणून तिचंही फिलिस. आडनाव मालकाचं, व्हीटली. ती इंग्रजी शिकली, लॅटिन शिकली, कविता करू लागली. तिचा संग्रह अखेर लंडनमध्ये छापला गेला आणि त्याच्या सुरुवातीला एक दाखला होता: या कविता हिनेच लिहिल्या आहेत, अशी ग्वाही देणारा. खाली बॉस्टनच्या अठरा प्रतिष्ठितांची नावं, त्यांत खुद्द गव्हर्नर. अठराच्या अठरा गोरे पुरुष.

पुढची शंभर वर्षं हा दाखला रूप बदलत राहिला. १८२७ मध्ये न्यूयॉर्कला निघालेल्या ‘फ्रीडम्स जर्नल’ या पहिल्या कृष्णवर्णीय वृत्तपत्राने पहिल्याच अंकात लिहिलं, की आमची बाजू आम्हालाच मांडायची आहे, फार काळ इतर लोक आमच्या वतीने बोलत आले. तरी १८४५ मध्ये गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांचं आत्मकथन आलं ते गोऱ्या नेत्याची प्रस्तावना घेऊनच. सभांमध्ये तर गुलामगिरीविरोधी चळवळीतले सहकारीच त्यांना सांगत, तुम्ही फक्त घडलं ते सांगा, त्यामागचा विचार आम्ही मांडू. सद्भावनेच्या लोकांनी हे म्हणावं, याचं मला अधिक वाईट वाटतं. डग्लस यांनी १८५५ मध्ये आपली कहाणी पुन्हा, विचारासकट लिहिली. या वेळी प्रस्तावना डॉ. जेम्स मॅक्यून स्मिथ यांची होती. कृष्णवर्णीय म्हणून अमेरिकेतल्या कॉलेजांनी नाकारल्यावर ग्लासगोला जाऊन डॉक्टर झालेला हा माणूस.

हॅरिएट जेकब्स यांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. गुलामगिरीतून सुटण्यासाठी आजीच्या घराच्या माळ्यावर जवळजवळ सात वर्षं लपून काढलेल्या या स्त्रीचं १८६१ मधलं आत्मकथन अभ्यासक दीर्घकाळ गोऱ्या संपादिकेची कादंबरीच समजत होते. १९८० च्या दशकात अभ्यासक जीन फेगन येलिन यांनी पत्रांच्या आधारे ते जेकब्स यांचंच असल्याचं सिद्ध केलं.

जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतली दास्यमुक्ती घडवणाऱ्यांना, १८७३ मध्ये. व्हीटलींच्या संग्रहानंतर बरोबर शंभर वर्षांनी.

विसाव्या शतकात हरकत भाषेला आली. अमेरिकेत आलेल्या शेवटच्या ज्ञात गुलामवाहू जहाजातून आलेल्या कुजो लुइस यांची कहाणी कृष्णवर्णीय लेखिका झोरा नील हर्स्टन यांनी लुइस यांच्याच बोलीत लिहून काढली. प्रकाशकाला ती प्रमाण इंग्रजीत हवी होती. हर्स्टन यांनी नकार दिला. पुस्तक २०१८ मध्ये आलं, हर्स्टन यांच्या मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी.

मधल्या काळात कादंबरीकार टोनी मॉरिसन यांनी रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेत संपादक म्हणून अनेक कृष्णवर्णीय लेखकांना वाट करून दिली. तरी अमेरिकेतल्या २०१३ मधल्या सुमारे ३,२०० बालपुस्तकांपैकी जेमतेम ९३ कृष्णवर्णीयांविषयी होती. कृष्णवर्णीय बालसाहित्यकार वॉल्टर डीन मायर्स यांनी २०१४ मध्ये हा आकडा पुढे आणला. त्याच वर्षी बालपुस्तकांत विविधता मागणारी ‘वी नीड डायव्हर्स बुक्स’ ही चळवळ उभी राहिली. पुढच्या वर्षी पात्र आणि लेखक एकाच वंचित समूहातले आहेत हे ओळखू यावं, म्हणून ‘ओन व्हॉइसेस’ ही खूण रूढ झाली. पण हळूहळू लेखकांकडेच त्यांच्या ओळखीचा खुलासा मागितला जाऊ लागला. २०२१ मध्ये ‘वी नीड डायव्हर्स बुक्स’ने ही खूण वापरणं थांबवलं.