मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार आणि मराठवाडा

मूत्रपिंडाची रचना किंवा काम तीन महिन्यांहून अधिक काळ बिघडलेले राहिले की त्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. परिभाषेत ‘वृक्क’ असाही शब्द आहे, पण नांदेडपासून धाराशिवपर्यंत कोणी तो उच्चारत नाही, तिथे किडनीच. निदानाची मुख्य मापे दोन. रक्त गाळण्याचा वेग, म्हणजे जीएफआर, मिनिटाला ६० मिलिलिटरच्या खाली असणे. किंवा लघवीतले अल्ब्युमिन हे प्रथिन दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅम वा त्याहून जास्त असणे. यांपैकी एकही पुरते. वेग १५ च्या खाली गेला की पाचवा, शेवटचा टप्पा.

विकार मुका असतो. पायावर सूज, लघवीला फेस, अन्नावरची वासना उडणे, धाप लागणे ही लक्षणे उमटतात तोवर बरेच नुकसान झालेले असते. त्यात क्रिएटिनिनचा आकडाही फसवतो. किडनी रक्तातून गाळून टाकते तो हा टाकाऊ पदार्थ. रक्तात तो साचला की किडनी कमी पडते असे समजतात. पण तो स्नायूंतून तयार होतो, त्यामुळे भाकरी-वरणावर राबणाऱ्या सडपातळ मजुराचे क्रिएटिनिन मुळातच कमी असते आणि ‘रिपोर्ट नॉर्मल’ येऊनही किडनी अर्धी गेलेली असू शकते. म्हणून मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्याने वर्षातून एकदा लघवीतले अल्ब्युमिन तपासणे रक्ताच्या एका आकड्यावर विसंबण्यापेक्षा शहाणपणाचे.

उपचारांची दिशा रुग्णांवरील मोठ्या चाचण्यांनी ठरली. १९९३ मध्ये कॅप्टोप्रिल या रक्तदाबाच्या औषधाने टाइप १ मधुमेहातील किडनीची घसरण मंदावते हे दिसले. २००१ च्या रेनाल चाचणीत टाइप २ मधुमेहाच्या १,५१३ रुग्णांना लोसार्टन हे रक्तदाबाचेच औषध किंवा निष्क्रिय गोळी दिली गेली. लोसार्टनच्या गटात किडनी पूर्ण निकामी होण्याचा धोका २८ टक्क्यांनी घटला. त्यानंतर जवळपास दोन दशके नवे औषध हाती लागले नाही. २०१९ मध्ये कॅनाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधाची क्रेडेन्स चाचणी फायदा स्पष्ट दिसल्याने मुदतीआधीच थांबवली गेली. २०२० मध्ये त्याच गटातल्या डापाग्लिफ्लोझिनने मधुमेह नसलेल्यांनाही फायदा होतो हे दाखवले. त्याच वर्षी भारतात या औषधाचे पहिले पेटंट संपले, अनेक कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या आणि किंमत उतरली. तालुक्याच्या मेडिकलवर रोजची गोळी घेणाऱ्याला चाचणीच्या निष्कर्षाइतकीच ही बातमी मोलाची होती.

काही चाचण्यांनी उत्साहाला लगाम घातला. किडनीच्या रुग्णाला रक्तक्षय होतो, कारण रक्तपेशी बनवायला सांगणारे एरिथ्रोपोइटिन किडनीतच तयार होते. मग इंजेक्शने देऊन हिमोग्लोबिन निरोगी माणसाइतके का वाढवू नये? २००९ च्या ट्रीट चाचणीत तसे केले, तर पक्षाघाताचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. २०१० च्या आयडियल चाचणीत डायलिसिस लवकर सुरू करून आयुष्य वाढले नाही. ‘आता लगेच मशीनवर घ्या की लक्षणे पाहत थांबायचे’ या घरच्यांच्या घालमेलीला या निष्कर्षाचा आधार आहे.

मराठवाड्यात एक सावधगिरी वेगळी सांगावी लागते. लोसार्टनसारख्या औषधांनी सुरुवातीला क्रिएटिनिन थोडे चढते. मर्यादेत असेल तर घाबरून गोळी सोडायची नसते. पण मे महिन्याच्या उन्हात जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडले, तर हीच गोळी आणि लघवी वाढवणारे औषध काही दिवस थांबवायचे का, हे लगेच डॉक्टरांना विचारावे. त्यात अंगदुखीवर दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅकसारखी गोळी पोटात गेली, तर तिघे मिळून किडनीचा घात करतात. पावसाळ्यात घोणस चावल्यानेही किडनी अचानक बंद पडते. तिथे पहिला उपाय प्रतिसर्पविष, मांत्रिक नव्हे.

मध्य अमेरिकेतील ऊसतोड मजूर आणि आंध्रातील उद्दानम भाग येथे मधुमेह वा रक्तदाब नसताना होणारा मूत्रपिंडविकार नोंदला गेला आहे. ऊन, तहान आणि अतिश्रम यांच्याकडे बोट दाखवले जाते. बीडमधून कोयता घेऊन फडावर जाणाऱ्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल, पण निष्कर्ष उचलून इकडे चिकटवू नये : आपला हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, त्यातला मोठा भाग थंडीचा असतो, आणि खरे ऊन शेवटच्या टप्प्यातले. निकाराग्वात पाणी, सावली आणि सक्तीची विश्रांती दिल्यावर मजुरांच्या किडनीवरचा ताण कमी दिसला. ठरलेल्या टनांवर उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, फेडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला विश्रांती देणार कोण, हा प्रश्न डॉक्टरचा नसून मुकादमाचा आहे.

हिमोडायलिसिसच्या, म्हणजे यंत्राने रक्त गाळण्याच्या, चार तासांच्या एका बैठकीत रुग्णाच्या रक्ताशेजारून सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी वाहते. ते आरओतून गाळताना वाया जाणारे पाणी वेगळेच. दुष्काळात, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हा पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. आठवड्याला तीन बैठका घेणाऱ्या एका रुग्णाला वर्षभरात १८ हजार लिटरांहून अधिक पाणी लागते, आणि त्याला स्वतःला मात्र दिवसाला मोजून प्यायचे असते.

डायलिसिससाठी हातातील धमनी आणि शीर जोडून फिस्टुला करतात. तो वापरण्याजोगा व्हायला बहुधा काही आठवडे ते महिने लागतात, म्हणून तयारी आधी हवी. ज्या हातात तो करायचा त्या हाताच्या शिरेत सलाईन लावू देत नाहीत. शक्यतो कमी वापराचा हात निवडतात. कोयता उजव्या हातात धरणाऱ्याचा डावा.