साथीचा ड्रमर आणि त्याची शिकवणी

ठाण्याच्या गडकरी रंगायतनात किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमाला ड्रमसेटवर साथ करणारा वादक दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलांचा क्लास घेताना दिसतो. ही जोडी हौसेतून कमी आणि धंद्याच्या गरजेतून जास्त जुळली.

ड्रमसेट मूळचा अमेरिकेतला. १९०९ मध्ये लुडविग कंपनीचं पायाने ढोल वाजवायचं भरवशाचं, वेगवान पेडल आलं आणि मोठा ढोल व स्नेअर (खाली तारा लावलेला छोटा ढोल) एकाच वादकाने वाजवणं सोपं झालं. मुंबईत १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात जॅझ रंगू लागला. गोवेकर आणि पारशी वादकांनी हे वाद्य हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओत नेलं. कावस लॉर्ड, त्यांचे चिरंजीव केरसी आणि बर्जोर, पुढे राहुलदेव बर्मन यांच्याकडचे फ्रँको वाझ यांचे ठेके घराघरांत पोचले. नावं मात्र श्रोत्यांना फार उशिरा कळली. याची मनापासून खंत वाटते.

मग यंत्रं आली. १९८५ मध्ये रोलँड कंपनीने ऑक्टोपॅड हे काठीने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य काढलं. टेम्पोतून न्यावा लागणारा ड्रमसेट एकीकडे आणि काखेत मावणारे आठ पॅड दुसरीकडे. ऑर्केस्ट्रावाल्यांनी काय निवडलं हे वेगळं सांगायला नको. स्टुडिओतही रिदम प्रोग्रॅम होऊ लागला, म्हणजे ठेका यंत्रातच भरला जाऊ लागला, ड्रमरच्या वाट्याचं काम आटलं. कार्यक्रमाच्या 'नाईट'वर, म्हणजे दर प्रयोगाच्या मानधनावर घर चालेना, तेव्हा शिकवणीचा आधार झाला.

शिकवणीलाही चौकट मिळाली ती परदेशी परीक्षांमुळे. ट्रिनिटी आणि १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेलं रॉकस्कूल यांच्या ड्रमच्या ग्रेड आठव्यापर्यंत जातात. अडचण वेगळीच होती. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. फ्लॅटमध्ये खरा ड्रमसेट वाजवला की शेजारी दारात हजर. त्यामुळे रबरी पॅड आणि जाळीच्या पडद्याचे इलेक्ट्रॉनिक ड्रम घरोघरी आले.

परीक्षेत मूल आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या तयार ट्रॅकवर वाजवतं. ट्रॅक कधी थांबत नाही, गायिका मात्र थांबते. भावगीताच्या अंतऱ्यात ती एखादा शब्द लांबवते, तेव्हा ड्रमरने हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) अगदी हलका ठेवून भरणीचा, म्हणजे मधली जागा भरणारा तुकडा रोखून धरायचा असतो. दादरा तालात चौथ्या मात्रेला काल, म्हणजे 'खाली' किंवा हलकी जागा असते. तिथे किक (पेडलने वाजणारा मोठा ढोल) जोरात पडली तर शेजारी बसलेल्या तबलजीचं सगळं काम झाकलं जातं. हे कागदावरच्या नोटेशनमध्ये सापडत नाही, साथीला बसूनच कळतं. म्हणूनच जो अजून रंगमंचावर वाजवतो आणि विद्यार्थ्याला महिन्यातून एकदा तरी गायक, तबलजी, कीबोर्डवाल्याबरोबर बसवतो, त्याच्याकडे मी मुलाला डोळे झाकून पाठवेन, मग त्याच्याकडे ग्रेडचं प्रमाणपत्र असो वा नसो.