अक्कलदाढ काढायची तारीख ठरली आहे? मग हे वाचा

तारीख घेऊन घरी गेल्यावर बरेच पेशंट पहिलं काम करतात ते मोबाईलवर दाढ काढतानाचे व्हिडिओ बघायचं. तेवढं करू नका. त्यातले पुष्कळसे शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी केलेले असतात, म्हणून अवघड दाढाच निवडून दाखवलेल्या असतात. रक्त दिसतं, हत्यारं दिसतात. खुर्चीतल्या माणसाला त्यातलं काही दुखत नाहीये, हे मात्र दिसत नाही. तेवढ्या वेळात हे पत्रक वाचून होईल.

भीती वाटते म्हणून लाजू नका. आमच्या सातारा भागात फौजी माणसं पुष्कळ. बर्फात पहारे देऊन आलेला माणूस आमच्या खुर्चीत बसतो आणि म्हणतो, "डॉक्टर, सुई सोडून काय ते करा." एका काकांना तर सुई दिसायच्या आधीच घेरी आली होती. त्यांनी आधी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. तेव्हापासून आमच्या केसपेपरवर आजार, ॲलर्जी आणि चालू गोळ्यांच्या खाली एक ओळ वाढली: "भीती वाटते का? कशाची?" ती ओळ रिकामी सोडू नका. तुमचं बीपी किती आहे हे आम्हाला जसं कळायला लागतं, तसंच हेही लागतं. सुईला घाबरणाऱ्याला एका तऱ्हेने सांभाळावं लागतं, आवाजाला घाबरणाऱ्याला दुसऱ्या.

सुई

हिरडीवर आधी सुन्न करणारी जेली लावतो आणि दोन-तीन मिनिटं थांबतो. मग इंजेक्शन. सुई टोचण्यापेक्षा औषध घाईने ढकललं तर जास्त दुखतं, म्हणून ते आम्ही सावकाश सोडतो. एका इंजेक्शनला मिनिटभर जातो. त्या वेळी तुमचा गाल आम्ही बोटांनी हलवत राहतो. ते मुद्दाम असतं, गालाच्या हालचालीत टोचणं कमी जाणवतं. पाचेक मिनिटांत खालचा अर्धा ओठ जड होतो, सुजल्यासारखा वाटतो. आरशात बघितलंत तर तो होता तसाच असतो.

भुलेचं औषध म्हणजे लिग्नोकेन. १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी ते पहिल्यांदा तयार केलं आणि आजही जगभर दातांचे डॉक्टर तेच वापरतात. त्यात थोडं ॲड्रिनलिन मिसळलेलं असतं. त्याने भूल जास्त वेळ टिकते आणि रक्त कमी येतं. मात्र काही जणांना त्यामुळे एक-दोन मिनिटं छातीत धडधडतं, हात थरथरतात. माणसाला वाटतं आपण घाबरलो, आणि तो खरंच घाबरतो. ती धडधड औषधाची असते आणि आपोआप थांबते. आधी माहीत असलं की तिचं काही वाटत नाही. तरीही धडधड होतेय असं आम्हाला सांगा.

सुई किंवा रक्त बघून ज्यांना घेरी येते, त्यांना शेजारीपाजारी "अंग सैल सोड" असा सल्ला देतात. तो इथे उलटा पडतो. घेरी येते ती रक्तदाब एकदम खाली गेल्यामुळे. म्हणून मांड्या, पोट आणि मुठी दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायच्या, चेहऱ्यावर ऊब आली की सोडायच्या, अर्ध्या मिनिटाने पुन्हा आवळायच्या. असं पाच वेळा. घरी बसल्या बसल्या दोन-तीन दिवस सराव करा. इंजेक्शन आम्ही खुर्ची आडवी करूनच देतो.

जेवून या

हे वेगळं लिहावं लागतं, कारण निम्मे लोक "ऑपरेशन आहे" म्हणून उपाशी येतात आणि मग भीतीने नाही, भुकेने गळून जातात. आमच्याकडे फक्त तेवढी जागा सुन्न करतात. तुम्ही जागे असता. यायच्या दीड-दोन तास आधी पोहे, उपीट, भाकरी-आमटी, जे रोज खाता ते पोटभर खा. पुढचे काही तास नीट जेवता येणार नाही, हेही लक्षात घ्या. बीपीची गोळी नेहमीच्या वेळेला. शुगर असेल तर गोळी आणि नाश्ता दोन्ही वेळेवर. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आपल्या मनाने बंद करू नका. ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी आम्ही बोलतो. शेजारच्यांनी दिलेली झोपेची गोळी नको, आणि "थोडी घेतली की धीर येतो" हा प्रकार तर अजिबात नको.

पूर्ण भूल देऊन दाढ काढायची असेल तर नियम उलटा, तिथे उपाशीच राहावं लागतं. तशा पेशंटला आम्ही मोठ्या हॉस्पिटलात पाठवतो आणि त्याच्या सूचना वेगळ्या लेखी देतो. दोन्ही कागदांची गल्लत करू नका.

"मध्येच दुखायला लागलं तर?"

खरी भीती बहुतेकांना हीच असते. लिग्नोकेनने दुखणं थांबतं, दाब थांबत नाही. कोणीतरी जबडा ढकलतंय, ओढतंय, हे तुम्हाला कळणार. दात काढताना ढकललं जाणारच. ते कळलं म्हणून भूल उतरली असं समजू नका. टोचल्यासारखं, कळ मारल्यासारखं झालं तर ते दुखणं. सुरू करण्याआधी आम्ही हिरडीवर टोकदार हत्याराने दाबून बघतो आणि तुम्हाला विचारतो. "असू दे, चालेल" म्हणू नका. दुखत असेल तर दुखतंय म्हणा, आणखी औषध देता येतं.

काम चालू असताना तोंडात एवढं सगळं असतं की बोलता येत नाही. म्हणून खूण ठरलेली आहे: डावा हात वर. हात दिसला की आम्ही थांबतो, मग कारण काहीही असो. दुखलं, थुंकी गिळायची आहे, नुसता दम खायचा आहे. पहिल्या पाच मिनिटांत एकदा उगीचच हात वर करून बघा. आम्ही थांबतो हे स्वतः बघितलेल्या पेशंटच्या खांद्यांतला ताठपणा जातो, हे आम्ही रोज बघतो.

"मागच्या वेळी सुन्नच झालं नव्हतं" असं सांगणारे येतात. ते खोटं बोलत नाहीत. दाढेभोवती पू आणि सूज असली की तिथला भाग आम्लधर्मी होतो आणि लिग्नोकेन नीट लागू पडत नाही. म्हणूनच गाल सुजवून आलात तर आम्ही बऱ्याचदा आधी जागा साफ करतो, गोळ्या देतो आणि सूज ओसरल्यावरची तारीख देतो. "डॉक्टर उगाच फेऱ्या मारायला लावतात" असं तेव्हा वाटतं, आम्हाला कल्पना आहे.

आवाज

मशीनचा आवाज कानाने ऐकू येतो त्याहून जास्त हाडातून येतो, म्हणून तो मोठा वाटतो. आडवी दाढ अखंड ओढून काढत नाहीत. तिचे दोन-तीन तुकडे करतात, म्हणजे हिरडी आणि हाड कमी कापावं लागतं. तुकडा सुटताना "कट्" असा आवाज येतो. जबडा मोडला की काय, असं वाटतं. दाढ मोडलेली असते, आणि ती मोडायचीच असते. तो आवाज यायच्या आधी आम्ही "आता आवाज येईल" असं सांगतो. हेडफोन लावून गाणी, अभंग, क्रिकेटची कॉमेंट्री काय हवं ते ऐका; फक्त आमचं बोलणं ऐकू येईल एवढाच आवाज ठेवा.

श्वास नाकाने घ्या आणि घेतला त्यापेक्षा सावकाश सोडा. चार आकडे घेताना, सहा सोडताना. उमासे येत असतील तर पायाची बोटं हलवत राहा. हास्यास्पद वाटेल, पण लक्ष तिकडे गेलं की घसा शांत होतो.

ऐकीव गोष्टी

"वरची दाढ काढली की नजर कमी होते." हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. दाताची नस वेगळी, दृष्टीची नस वेगळी. एकीचा दुसरीशी संबंध नाही. चाळिशीच्या पुढे अनेकांच्या दाढाही काढाव्या लागतात आणि चष्माही लागतो, त्यातून कोणीतरी ही गाठ मारली असावी. अक्कलदाढ काढल्याने अक्कल जात नाही, हे मात्र आम्ही लेखी द्यायला तयार आहोत.

जो धोका खरा आहे, तो लपवणार नाही. खालच्या अक्कलदाढेची मुळं कधीकधी ओठाला संवेदना देणाऱ्या नसेच्या जवळ असतात. अशा वेळी ओठ किंवा हनुवटी काही आठवडे, क्वचित काही महिने बधिर राहू शकते. जिभेचंही तसं होऊ शकतं. कायमचं राहणं दुर्मीळ, पण अशक्य नाही. ओपीजी, म्हणजे सगळ्या जबड्याच्या एक्स-रेमध्ये ती नस दोन पांढऱ्या रेघांमधल्या वाटेसारखी दिसते. तुमचा एक्स-रे उजेडावर धरून ती वाट आणि तुमच्या मुळाची टोकं आम्ही दाखवतो. दोन्ही एकमेकांवर आलेली दिसली तर आधी थ्रीडी स्कॅन करायला सांगतो. न दुखणारी, सरळ आलेली, घासता येणारी दाढ काढायची गरज नसते. तुमची का काढायची, हे विचारा.

सोबत एक माणूस आणा, पण कमी बोलणारा. बाहेरच्या बाकावर "आमच्या नणंदेची दाढ काढली तेव्हा काय झालं माहितीय का" सुरू झालं, की आत आमचं काम दुप्पट होतं.

घरी गेल्यावर

जखमेवर ठेवलेला बोळा पाऊण तास दातांखाली घट्ट दाबून ठेवा. थुंकू नका, चूळ भरू नका, स्ट्रॉने काही पिऊ नका. त्या दिवशी बर्फाने शेका. ओठाची भूल उतरेपर्यंत गरम चहा नको. ओठ चावला जाऊ नये म्हणून तोवर खाणंही थांबवा. नंतर दहीभात, गार पेज, आईसक्रीम. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते आणि मग उतरते. तिसऱ्या दिवशी आरशात बघून घाबरू नका. उलट, कमी झालेलं दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा जोरात सुरू झालं, ताप आला, रक्त थांबेना किंवा गिळायला, श्वास घ्यायला त्रास झाला, तर लगेच फोन करा. विडी, सिगारेट, तंबाखू आणि मिश्री बंद. जखम भरायला लागणारी रक्ताची गुठळी निघून जाण्याचं ते मोठं कारण आहे. मिश्री म्हणजे तंबाखू नव्हे असं समजणाऱ्या आजींसाठी हे दोनदा वाचून दाखवा.

परीक्षेच्या किंवा गणपतीच्या आठवड्यातली तारीख घेऊ नका. मोदक जाईल एक वेळ, चकली जाणार नाही.

येताना एक्स-रेची फिल्म आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी आणा. इतकं सगळं वाचूनही धीर होत नसेल तर आधी एखाद्या दुपारी चार ते पाचमध्ये नुसते येऊन खुर्चीत बसा. मशीन लांबून ऐका, हत्यारं हातात घेऊन बघा, काय विचारायचं ते विचारा. त्याचे पैसे नाहीत आणि त्या दिवशी आम्ही सुईला हात लावत नाही.